सहाव्या खिडकीचं प्रकरण

आमच्या घराला चौकाच्या बाजूने सहा खिडक्या आहेत आणि त्यांतल्या पाच उघडतात. सहावी रंगवलेली आहे. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे नगरपालिका, पुरातत्त्व खातं, आरोग्य खातं आणि आमचे शेजारी यांपैकी कोणालाही एवढी साधी गोष्ट शेवटपर्यंत एका वाक्यात सांगता आली नाही.

दोष कोणाचा म्हणाल, तर कार्डिनलसाहेबांचा, म्हणजे पोपच्या हाताखालच्या एका बड्या धर्मगुरूंचा. ते इथेच, मोंतेगार्बोत जन्मले, रोमला जाऊन मोठे झाले आणि मोठी झालेली माणसं करतात तेच त्यांनी केलं: त्यांना आपल्या गावाची लाज वाटू लागली. पाचशे वर्षांपूर्वी त्यांनी फ्लॉरेन्सहून एक वास्तुशिल्पी आणवला आणि त्याला सांगितलं, "माझं गाव नीट करून दे." नीट म्हणजे त्या काळी समतोल. डावीकडे जे, तेच उजवीकडे. चर्चच्या दाराच्या या अंगाला दोन खांब, तर त्या अंगालाही दोन. विहिरीच्या इकडे दगडी बाक, तर तिकडेही. शाळेत हा धडा घेताना मी फळ्यावर मधोमध रेघ मारायचो आणि मुलांना सांगायचो, "कागद या रेघेवर दुमडला, तर अर्धं गाव उरलेल्या अर्ध्या गावावर नेमकं बसलं पाहिजे." अडचण एवढीच, की डोंगर दुमडत नाही. त्यामुळे आमच्याकडे जिथे डोंगराने ऐकलं तिथे दगड आहे आणि जिथे ऐकलं नाही तिथे रंग आहे.

आमच्या घराच्या उजव्या टोकाला, जिथे सहावी खिडकी यायला हवी, तिथे भिंतीच्या पोटातून चुलीचं धुराडं वर गेलं आहे. वास्तुशिल्पी म्हणाला असणार, "धुराडं हलवा." तेव्हाची घरमालकीण म्हणाली असणार, "तूच हल." शेवटी तडजोड म्हणून त्याने तिथे खिडकी रंगवली आणि तो पुढच्या घराकडे वळला.

या खिडकीच्या मागे जी खोली आहे, तिच्यात माझा वर्ग भरतो. गावची शाळा मुलं कमी झाली म्हणून बंद केली, त्याला आता सात वर्षं होतील. मुलं सकाळच्या बसने खाली खोऱ्यातल्या शाळेत जातात, दीड वाजता परत येतात आणि आईबाप सहापर्यंत कामावर असतात. मधले साडेचार तास ती माझ्याकडे. सात मुलं, दोन लांब टेबलं, एक फळा आणि एक पृथ्वीचा गोल, ज्यावरून बोटं फिरून फिरून न्यूझीलंड पुसलं गेलं आहे. मला दुसरं काही नाही असं नाही. बायको आहे, ऑलिव्हची अकरा झाडं आहेत. पण दीड वाजता बस शेवटच्या वळणावर भोंगा वाजवते, तेव्हा जे वाटतं ते ऑलिव्हच्या झाडांकडे बघून वाटत नाही. अल्बाला, म्हणजे बायकोला, हे ठाऊक आहे. ती झाडांना सांगत नाही, एवढंच.

सप्टेंबरात एका सकाळी अल्बा बाजारातून आली आणि म्हणाली, "ओरेस्ते, खिडकीचा कोपरा पडला."

"कुठल्या?"

"जी नाही, तिचा."

बाहेर जाऊन पाहिलं. गिलाव्याचा ताटाएवढा तुकडा निघून फरशीवर पडला होता आणि उरलेलं चित्र इतकं विटलं होतं, की खिडकीऐवजी भिंतीला ओल आल्यासारखं दिसत होतं. सणावाराला चौकात सगळं गाव जमतं. मास्तरांच्याच घराचा समतोल गेलेला दिसावा, हे मला बरं वाटेना. मी नेल्लोला बोलावलं.

नेल्लो गावातल्या दुकानांच्या पाट्या रंगवतो आणि चर्चमधल्या संतांची गळालेली बोटं दुरुस्त करतो. आपण पाचशे वर्षं उशिरा जन्मलो, असं त्याचं मनापासूनचं मत आहे. त्याने डोळे बारीक करून भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाला, "दोन दिवसांचं काम, मास्तर."

"होतं तसं करायचं, नेल्लो. होतं तसंच."

"बरोबर. होतं तसं. फक्त जिवंत."

या शेवटच्या शब्दाला मी तिथेच हरकत घ्यायला हवी होती.

दोन दिवसांचे अकरा झाले, कारण नेल्लोची परांची चौकात होती आणि चौकातून जाणाऱ्या प्रत्येकाला डोळे होते. आमच्या गावात माणूस दुसऱ्याच्या भिंतीला रंग लागताना पाहून नुसता पुढे गेला, तर त्याची प्रकृती बरी नाही असं समजतात. पाववाली झेलिंदा पिठाचे हात कमरेवर ठेवून म्हणाली, "पडदा नाही? बिनपडद्याची खिडकी मास्तरीणबाईंच्या घराला शोभते का?" नेल्लोने जाळीचा पडदा काढला. न्हाव्याने फुलांची कुंडी सुचवली, पण "थोडी सुकलेली काढ रे, नाहीतर कोणाला खरी वाटणार नाही." पोस्टातल्या बाईंचं म्हणणं पडलं की झडप अर्धी उघडी असावी, त्याने घर हवेशीर दिसतं. शेवटी आमचे पाद्रीबाबा आले. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "काहीही काढ बाळा, फक्त उघड्या खांद्यांचं काही नको."

तोवर खिडकीत माणूस काढायचा कोणाच्याही डोक्यात नव्हतं. त्या वाक्यानंतर नेल्लोच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही.

मी रोज परांचीखाली उभा राहून "होतं तसं, नेल्लो" म्हणत होतो आणि वरून "होय मास्तर" असं उत्तर येत होतं. अकराव्या दिवशी परांची उतरली. अर्ध्या उघड्या खिडकीत, जाळीचा पडदा एका हाताने बाजूला सारून, निळा रुमाल बांधलेली एक बाई कठड्यावर कोपर टेकून उभी होती. खांदे पूर्ण झाकलेले. कुंडी किंचित सुकलेली. चित्र इतकं सरस उतरलं होतं, की दुसऱ्या दिवशी सकाळी अल्बाने तिला नमस्कार केला, आणि उत्तर आलं नाही म्हणून दुपारपर्यंत तिच्यावर रागावून होती.

"कोण आहे ही?" मी नेल्लोला विचारलं.

"कोणी नाही. सर्वसाधारण बाई."

ती हुबेहूब झेलिंदा होती. पण खरी अडचण चेहऱ्याची नव्हती. नजरेची होती. सर्वसाधारण बाई चौकाकडे पाहत नव्हती. ती उजवीकडे खाली पाहत होती आणि उजवीकडे खाली तोर्क्वातोची गच्ची आहे.

तोर्क्वातो आणि मी चौथीपर्यंत एका बाकावर बसलो. पुढे तो सरकारी तंबाखूच्या गोदामावर अधिकारी झाला आणि निवृत्त होताना त्याला सरकारने "कावालिएरे" असा किताब दिला. तेव्हापासून त्याला नुसत्या नावाने मारलेली हाक ऐकू येत नाही. दुपारी जेवण झालं, की तो गच्चीत विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळून मिठाच्या पाण्यात पाय सोडून बसतो. इतक्या वर्षांत या गोष्टीला साक्षीदार नव्हता. आता होता.

पहिल्या दिवशी तो गच्चीतून ओरडला, "ओरेस्ते, ती बाई माझ्याकडे बघते आहे!"

"चित्र आहे ते, तोर्क्वातो."

हाक ऐकूच गेली नाही. मी चूक सुधारली. "कावालिएरे, चित्र आहे ते!"

"चित्र असलं म्हणून काय झालं? मी खुर्ची हलवली, तरी बघते. मागे सरकलो, तरी बघते!"

खाली दुकानाच्या दारात झेलिंदा उभी होती. ती म्हणाली, "कावालिएरे, तुमचे पाय बघायला मी चित्रातसुद्धा यायची नाही!"

हे वाक्य चौकात चाळीस माणसांनी ऐकलं. नेमकं त्याच क्षणी प्रकरण माझ्या हातातून गेलं, असं आता वाटतं. चार दिवसांनी मला तोर्क्वातोचं रजिस्टर पत्र आलं. त्याच्या गच्चीपासून माझ्या भिंतीपर्यंत एक मीटर दहा सेंटिमीटर अंतर आहे. पत्र खोऱ्यातल्या मोठ्या पोस्टात जाऊन, शिक्के घेऊन, बसने परत वर आलं. त्यात त्याने मला "तुम्ही" म्हटलं होतं. एका बाकावर बसलेल्या माणसाने पासष्टाव्या वर्षी "तुम्ही" म्हणावं, याचा घाव शिक्क्यांपेक्षा खोल होता. मजकूर असा, की आमच्या कायद्याप्रमाणे शेजाऱ्याकडे पाहणारी खिडकी त्याच्या हद्दीपासून दीड मीटर तरी लांब हवी. तुमची चाळीस सेंटिमीटर कमी आहे. सबब ती बंद करावी. प्रत नगरपालिकेला.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचा पोलीस अमोस दारात आला. टोपी काखेत धरून म्हणाला, "मास्तर, खिडकी बंद करा."

"अमोस, ते चित्र आहे."

"ते मला दिसतंय. पण माझ्या कागदावर 'खिडकी' लिहिलंय."

"मग बंद कशी करू?"

"ते कागदावर नाही, मास्तर."

अमोस माझाच विद्यार्थी. लहानपणी धडा वाचताना तो मनातलं घालून वाचायचा. तीन वर्षं मी त्याच्यामागे लागलो होतो, "कागदावर आहे तेवढंच वाच, अमोस." काही धडे नको इतके पक्के होतात.

अशा वेळी आमच्याकडे माणूस फाउस्तोकडे जातो. फाउस्तो सर्व्हेअर आहे, म्हणजे घरांचे नकाशे काढतो. पण खरा धंदा नियमांच्या मधून वाट काढण्याचा. तो जिल्ह्याच्या भूमापन कचेरीत जाऊन आला आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून एकामागून एक दोन कॉफ्या प्यायल्यावर म्हणाला, "मास्तर, वाईट बातमी आहे. तुमची खिडकी खरी आहे."

"काय?"

"एकोणीसशे एकोणचाळीस सालचा नकाशा आहे. मोजणीवाला उन्हाळ्यात आला असणार. त्याने समोरच्या खानावळीत बसूनच तुमचं घर मोजलं. नकाशात खिडक्या सहा. सगळ्या खऱ्या."

"मग चूक दुरुस्त करा म्हणावं."

"चूक कशाची? नकाशा सरकारी आहे. नकाशात खिडकी आहे आणि भिंतीत नाही, याचा अर्थ मधल्या काळात कोणीतरी ती बुजवली. परवानगीशिवाय. चौकातलं घर आहे, गुन्हा होतो तो."

"मी काही बुजवलेलं नाही!"

"तेच चांगलं आहे. सध्या बेकायदा बांधकामांना माफी देण्याची योजना चालू आहे. तुम्ही बुजवल्याचं कबूल करा, माफी मागा, प्रकरण संपलं. न केलेल्या गुन्ह्याची माफी फार लवकर मिळते, मास्तर. पुरावे तपासावे लागत नाहीत."

मी चाळीस वर्षं मुलांना एकच गोष्ट शिकवली. भागाकार चुकला तरी चालेल, व्याकरण चुकलं तरी चालेल, पण केलं नाही ते केलं म्हणू नका आणि केलं ते नाही म्हणू नका. त्याच टेबलावर बसून मी सही करू? मी फाउस्तोला घरी पाठवलं आणि स्वतः नगरपालिकेला अर्ज लिहिला. स्टॅम्प पेपरवर, चांगल्या अक्षरात, चार पानं. त्यात कार्डिनलपासून नेल्लोपर्यंत सगळा इतिहास सांगून शेवटी लिहिलं, "सारांश, बाहेरून पाहिल्यास खिडकी आहे, आतून पाहिल्यास नाही."

अर्ज आठवड्याने परत आला. शेवटच्या वाक्याखाली तांबड्या शाईने रेघ आणि समासात शेरा: "अस्पष्ट. पुन्हा लिहा."

मी तो कागद घेऊन स्वयंपाकघरात गेलो. अल्बा भाजी निवडत होती. ती वर न बघता म्हणाली, "अर्ध्या गावाला तू तांबड्या शाईने रडवलंस, ओरेस्ते. एकदा तुझीही पाळी यायचीच."

इकडे तोर्क्वातो रोज गच्चीत छत्री उघडून बसू लागला होता. मी नेल्लोला म्हटलं, बाबा रे, बंद झडप रंगवून टाक आणि मला मोकळं कर. नेल्लो रडवेला झाला, पण डबे घेऊन आला. त्याने पहिला हात मारायच्या आत पुरातत्त्व खात्याच्या बाई शहरातून हजर झाल्या. कोणी कळवलं ते देव जाणे. बाई तरुण होत्या, चष्मा डोक्यावर होता आणि बोलताना भिंतीला हात लावत होत्या, आजारी माणसाच्या कपाळाला लावावा तसा.

"कोणीही हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "चौकातला प्रत्येक दर्शनी भाग संरक्षित आहे."

"पण बाई, ही बाई तीन आठवड्यांपूर्वीची आहे," मी म्हणालो.

"रंग वाळला आहे का?"

"वाळला आहे."

"मग संरक्षित आहे."

नेल्लोने डोक्यावरची कागदी टोपी काढून छातीशी धरली. पाचशे वर्षांचा उशीर एका वाक्यात भरून निघाल्याचं मी त्याच्या तोंडावर पाहिलं.

"पण नगरपालिका म्हणते बंद करा," मी कळवळून म्हणालो.

"बंद करा की," बाई म्हणाल्या. "तुमच्या बाकीच्या पाच खिडक्यांना काय आहे? लाकडी झडपा. नकाशात ही सहावी खिडकी आहे. मग समतोलासाठी हिलाही लाकडी झडपा हव्यात. चेस्टनटच्या, त्याच रंगाच्या. चित्राला धक्का न लावता बिजागऱ्या बसवा. लावल्या की बंद, काढल्या की उघडी. कार्डिनलच्या डोक्यात हेच असणार."

कार्डिनलच्या डोक्यात काय होतं, हे पाचशे वर्षांनी इतक्या ठामपणे सांगणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. सुताराने झडपा केल्या. भिंतीवर रंगवलेल्या खिडकीला, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, खऱ्या झडपा. त्या उघडायला किंवा लावायला आतून हात पोचत नाही, कारण मध्ये धुराडं आणि भिंत आहे. म्हणून सुताराने एक लांब बांबू दिला, टोकाला आकडा असलेला. अमोसने कागदावर "खिडकी बंद केली" असं लिहून घेतलं. मला वाटलं, संपलं.

मग तोर्क्वातोचं दुसरं रजिस्टर पत्र आलं. ते आरोग्य खात्याला होतं. मजकूर असा, की मास्तरांच्या घरी एका खोलीत सात मुलं बसतात आणि त्या खोलीला पुरेशी खिडकी नाही. सबब वर्ग बंद करावा.

इथे मात्र माझं हसू गेलं. तोवर जे चाललं होतं ते भिंतीच्या बाहेर होतं. आता तो आत आला होता. नियम खरा होता: मुलं बसतात त्या खोलीच्या खिडक्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक अष्टमांश तरी हव्यात. मागच्या अंगणाकडे आमची एकच खरी खिडकी आहे, मोठ्या परातीएवढी. एक अष्टमांश सोडा, त्याचा पाव हिस्साही भरत नाही. हे गणित मीच मुलांना सोडवायला दिलं असतं. वर्ग बंद झाला, तर मुलांना खोऱ्यातल्या शाळेच्या जेवणघरात संध्याकाळपर्यंत बसवणार होते. तिथे दूरचित्रवाणी आहे, असं मला पालकांनी धीर द्यायला म्हणून सांगितलं.

मी गच्चीच्या कठड्याखाली जाऊन हाक मारली. "कावालिएरे! पहिल्या पत्रात तुम्ही म्हणता खिडकी आहे. दुसऱ्या पत्रात म्हणता नाही. कोणतं खरं?"

"वेगवेगळी खाती आहेत," वरून उत्तर आलं.

"मुलांनी तुझं काय केलं रे?"

वर पाण्यात पाय हलल्याचा आवाज झाला. मग तो म्हणाला, "चौकात लोक हसतात मला. मुलंही हसतात. ओरेस्ते, माझे पाय हा गावाचा विषय झाला." रागाच्या भरात तो पुन्हा "ओरेस्ते" म्हणून गेला, हे त्याच्याही लक्षात आलं नाही. पण पत्र मागे घेता येत नाही, असं त्याने सांगितलं आणि ते खरंच होतं. आमच्याकडे अर्ज पुढे जातो, मागे येण्याची सोय नाही.

आरोग्य खात्याचे डॉक्टर पाल्मेरी एका गुरुवारी आले. त्यांना जबर सर्दी होती आणि चारची बस पकडायची होती. सोबत उजेड मोजायचं एक यंत्र आणि छापील फॉर्म. मी मुलांना आधीच बजावलं होतं: "साहेब आले की गडबड करायची नाही, मध्ये मध्ये यायचं नाही, मागच्या भिंतीला रांगेत उभं राहायचं." माझी मुलं शिस्तीची. सातही जण मागच्या भिंतीला, खांद्याला खांदा लावून, पुतळ्यासारखी उभी राहिली.

डॉक्टरांनी खोली पाहिली, शिंकले आणि म्हणाले, "नकाशात चौकाच्या बाजूला खिडकी आहे. कुठे आहे?"

"फळ्याच्या मागे, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला," माझ्या मदतीला म्हणून आलेला फाउस्तो घाईने म्हणाला.

मी पुढे झालो. "साहेब, मी तुम्हाला खरं काय ते सांगतो. मध्ये धुराडं आहे आणि..."

"धुराड्याला माझ्या फॉर्ममध्ये जागा नाही," डॉक्टर म्हणाले. "पुरातत्त्व खात्याचं पत्र आहे: खिडकी, झडपांसहित. नगरपालिकेचा दाखला आहे: खिडकी, सध्या बंद. मला दोन आकडे हवेत. झडपा लावलेल्या असताना आणि उघडल्यावर." त्यांनी यंत्र टेबलावर ठेवलं, वाचलं आणि मान हलवली. "पाहिजे त्याच्या अर्धासुद्धा नाही. हं, आता उघडा."

"आतून उघडत नाही, साहेब."

"मग बाहेरून उघडा. कोणीतरी उघडा, माझी बस आहे."

फाउस्तोने माझ्या पायावर पाय ठेवला. मी बांबू घेऊन चौकात आलो. मी कोणाला फसवायला चाललो नव्हतो. मला झडपा उघडायला सांगितलं होतं आणि मी त्या उघडणार होतो. त्याने काही होणार नव्हतं, साडेचार तासांचा माझा वर्ग संपणार होता आणि शेवटी निदान मी खोटं बोललो नाही एवढं तरी उरणार होतं. मनात अशी वाक्यं जुळवत मी आकडा वर नेला.

बाहेर सगळा चौक जमला होता. पंधरा दिवस बंद असलेल्या झडपा नव्या बिजागऱ्यांवर मोठ्याने कुरकुरल्या आणि निळ्या रुमालाची बाई पुन्हा दिसली. खानावळीतून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. झेलिंदा ओरडली, "आली गं माझी बाई!" न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. गच्चीत तोर्क्वातोने छत्री मिटली, घाईघाईने ओले पाय मोज्यांत कोंबले आणि मग, मी पाहिलं, त्याने तिला अगदी थोडं वाकून नमस्कार केला.

आणि आमच्या दारातून सात मुलं धावत बाहेर आली. शिस्त कितीही असली, तरी बाहेर टाळ्या वाजत असताना आत भिंतीला टेकून उभं राहायचं, हे मी त्यांना कधी शिकवलं नव्हतं. ती चौकात उभी राहून वर बघत हसू लागली. अमोसही हसला, पण आधी कागद खिशात ठेवून.

एवढ्यात आतून डॉक्टरांचा बंद नाकातला आवाज आला. "पुरे! पुरे! आता राहू द्या तशीच!"

मी आत गेलो. डॉक्टर फॉर्मवर लिहीत होते आणि फाउस्तो छताकडे बघत होता, जसा तो फक्त चर्चमध्ये बघतो. यंत्राचा काटा पाहिजे त्या रेघेच्या थोडा पुढे गेला होता. फॉर्मवर अक्षरं होती: "झडपा लावलेल्या असताना उजेड अपुरा. झडपा उघडल्यावर उजेड समाधानकारक. वर्ग चालू ठेवण्यास हरकत नाही. अट: वर्गाच्या वेळी सदर खिडकी उघडी ठेवावी."

मला काही कळेना. मग मी मागच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे परातीएवढी खिडकी होती, आणि मुलं गेल्यामुळे तिच्यातून दुपारचं ऊन सरळ टेबलावर, यंत्रावर पडलं होतं. इतका वेळ माझी शिस्त त्या खिडकीसमोर खांद्याला खांदा लावून उभी होती.

"साहेब," मी म्हणालो, "एक सांगायचं राहिलं. हा उजेड..."

"छान आहे," डॉक्टर म्हणाले, शिक्का मारला आणि बससाठी धावले. मी त्यांच्यामागे दोन पायऱ्या उतरलो, पण सर्दी झालेला माणूस बस पकडायला निघाला, की त्याच्यापर्यंत सत्य पोचत नाही.

मुलं आत येऊन आपापल्या जागी बसली. मी फळ्यासमोर उभा राहिलो. हे असं सोडून देणं मला बरं वाटेना. फसवणूक झाली असेल, तर ती निदान वर्गात तरी स्पष्ट व्हायला हवी होती.

"मुलांनो," मी गंभीरपणे म्हणालो, "साहेबांनी लिहिलं आहे, की झडपा उघडल्यावर खोलीत उजेड वाढला. तुम्ही मला खरं सांगा. वाढला की नाही?"

सातही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना प्रश्न अवघड जात होता, हे दिसत होतं. शेवटी नीवेसने हात वर केला. ती तिसरीत आहे आणि ठाऊक नसलेलं उत्तर कधी देत नाही.

"मास्तर," ती म्हणाली, "आम्ही तर बाहेर होतो."